चपलांची हजेरी

वंदनाचं लग्न तसं जमल्यातच जमा होतं. पत्रिका जुळली होती, देण्याघेण्याची भानगड नव्हती, मुलाला मुलगी पसंत होती. मुलीला मुलगा पसंत आहे हे मुलीने तोंडाने सांगितलं नाही, पण पोह्यांच्या बशा भरताना तिने एकाच बशीवर दोनदा खोबरं घातलं आणि ती बशी बरोबर त्याच्याच हातात गेली, हे माझ्या बायकोने पाहिलं. उषाच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. आईवडिलांच्या मागे वंदनाचा भाऊ म्हणा, बाप म्हणा, मीच. आता सुटलो म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं, कारण मध्ये शनी आला.

शनी आमच्या पत्रिकेत नव्हता, मुलाच्याही नव्हता. तो होता मुलाच्या वडिलांच्या राशीला. गुणवंतराव पांढुर्ण्याचे संत्र्याचे व्यापारी, माणूस मोठा सज्जन. पाहायला आले ते संत्र्यांच्याच मॅटाडोरमधून आले आणि उतरताना एक पेटी आमच्या ओट्यावर ठेवून मगच आत आले. पण जायच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, पोरगी सोन्यासारखी आहे. पण माझी साडेसाती चालू आहे ना! शेवटचं अडीचकं आहे. डोक्यावर शनी घेऊन सुपारी फोडू नका म्हणते आमचे महाराज. उपाय करून राहिलो मी. लागू पडला का लगेच सुपारी."

उपाय कोणता ते त्यांनी सांगितलं नाही. शनी किती सावकाश फिरतो हे मी भूगोलाचा मास्तर असल्यामुळे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या सौंसरच्या लोकांना ते ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की पाहुणे येऊन गेले आणि पेढे काही आले नाहीत. बाजारात मला लोक भाजीचा भाव विचारण्याआधी वंदनाचं विचारायला लागले. ती बिचारी कोणाला काही म्हणत नव्हती, पण रस्त्यावर मॅटाडोरचा आवाज आला की खिडकीपर्यंत जाऊन यायची. ते मला बघवत नसे.

आता या सगळ्यात खाण कुठून आली ते सांगतो.

मुलगा, म्हणजे रवींद्र, परासियाकडे कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर. पोहे खाता खाता तो मला म्हणाला, "सर, मोहगावच्या रस्त्यावर टेकडीत मँगनीजची जुनी खाण आहे म्हणे? उघडीच पडली आहे का?"

"आहे ना," मी म्हणालो. नववीच्या पोरांना मी वर्षानुवर्षं मँगनीज शिकवत आलो होतो. टेकडी मी बसच्या खिडकीतून पाहिली होती.

"अशा खाणी फार वाईट, सर. गुराखी जातात, पोरं जातात. आत कोणता फाटा कुठे जातो ते कोणाला माहीत नसतं. मी सुट्टीत असल्या खाणी पाहतो, नकाशा काढतो, वाईट वाटा बंद करतो. पुढच्या महिन्यात बाबा एका शनिवारी जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाला येणार आहेत. तेव्हा आपण दोघं जाऊ?"

मागच्या पावसाळ्यात त्या खाणीत एक शेळी गेली ती आलीच नव्हती, आणि माझ्याच वर्गातली पोट्टी तिथे कबुतरं धरायला जात, हे खरं होतं. पण खोटं कशाला बोलू, माझ्या मनात शेळी नव्हती. माझ्या मनात आलं, मुलगा खूश झाला, बापाने आपला जबाबदारपणा डोळ्यांनी पाहिला, तर कदाचित शनीला न विचारताच सुपारी फुटेल. मी म्हणालो, "तुम्ही या तर खरं. वाट तयार ठेवतो."

वाट तयार ठेवतो! जणू काही मी अंगणात सडा घालणार होतो.

आमचे शेजारी रघुनाथराव रिटायर्ड पोस्टमास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटल्यामुळे दुसऱ्यांची कामं ही आपलीच आहेत असा त्यांचा समज झाला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते कुंपणावरून म्हणाले, "खाणीत जाऊन राहिले म्हणे? खिशात कच्चा कांदा ठेवजा. गॅस लागत नाही."

"रघुनाथराव, कांदा उन्हासाठी असतो."

"उनासाठी असते तर गॅससाठी नसन काय? आणि तोंडाशी मारुती ठेवा. जामसांवलीचा फोटो आहे ना तुमच्याकडे? तो लावा. जमिनीखाली त्याच्याशिवाय कोनाचं चालत नाही. पाताळात कोन गेलता?"

भूगोलाच्या माणसाने यावर काय बोलावं?   उषा मात्र लगेच फोटो पुसायला लागली.

मग परवानगी. आमच्याकडे गाव मराठी बोलतं आणि सरकार हिंदी. कोणत्या ऑफिसात गेलो त्याचं नाव सांगत नाही, मला याच गावात राहायचं आहे. पहिल्या ऑफिसातले बाबू म्हणाले, "मास्टरजी, टेकडी हमारी है, खदान हमारी नहीं." दुसऱ्या ऑफिसात म्हणाले, "खदान हमारी थी, पर अब बंद है. जो बंद है उसमें जाने की अनुमति कैसे दें?" मी म्हटलं, बंद नाही, उघडी आहे, म्हणून तर आलो. ते म्हणाले, "खुली है तो गैरकानूनी है, उसकी शिकायत कीजिए." तिसरीकडे कळलं, की टेकडीवरची झाडं त्यांची, पण झाडांच्या खालचं भोक त्यांचं नाही. एकंदरीत त्या भोकाला जगात कोणी वाली नव्हता. शेवटी एका भल्या माणसाने चहा पाजून सांगितलं, "आप तो चले जाइए. कुछ हो गया तो हम आ ही जाएँगे." हीच परवानगी समजून मी निघालो.

शाळेचा चपराशी देवीदास बरोबर घेतला. देवीदास कोणत्याही कामाला नाही म्हणत नाही आणि कोणतंही काम करत नाही. आम्ही चुन्याचं डबडं, गॅसबत्ती, विहिरीचा दोर असं सामान घेऊन गेलो. तोंड ऐसपैस होतं, बैलबंडी जाईल असं. आत थोडं सरळ, मग एक वळण, मग दुसरं वळण, आणि तिथे दोन फाटे. उजवीकडचा कोरडा. डावीकडचा ओला, छतातून खडे गळत होते, आणि पुढे कुठेतरी पाणी साचल्याचा वास. वटवाघळं मात्र दोन्हीकडे सारखीच होती. मी उजव्या वाटेला चुन्याचे बाण काढले. डावा फाटा बंद करायला काहीतरी लाल पाहिजे होतं, म्हणून घरातलं जुनं लाल लुगडं नेऊन आडवं बांधलं. ते लुगडं जुनं नव्हतं, उषाच्या माहेरचं होतं आणि नीट ठेवलेलं होतं, हे मला नंतर आठवडाभर जेवताना कळत गेलं.

बाहेर पाटी पाहिजे. बसस्टँडवरच्या अरविंद पेंटरला मी 'धोका' एवढा एकच शब्द मोठा लिहायला सांगितला. त्याने तो लिहिला, पण त्याखाली 'अरविंद पेंटर, बसस्टँड, सौंसर' हे त्याहून मोठं लिहिलं, आणि जागा उरली म्हणून कोपऱ्यात एक संत्रं काढलं. हिंदीत धोका म्हणजे फसवणूक, तेव्हा येणाजाणाऱ्यांना वाटायचं, अरविंदशी व्यवहार करू नका असं कोणीतरी लिहून ठेवलंय. त्याच्या मेव्हण्याने येऊन माझ्याशी भांडणही केलं.

पण माझी खरी अक्कल चालली ती हजेरीत. रवींद्रने सांगितलं होतं, की त्यांच्या खाणीत प्रत्येकाचं पितळी टोकन असतं. आत जाताना लावायचं, बाहेर येताना काढायचं. टोकन लटकत राहिलं म्हणजे माणूस आत राहिला. मी विचार केला, आपल्या लोकांना टोकन दिलं तर ते घरी नेतील, पोरं खेळतील. पण चपला बाहेर काढून ठेवा हे आपल्या माणसाला शिकवावं लागत नाही. तेव्हा नियम असा केला: जो आत जाईल त्याने चपला मारुतीच्या फोटोसमोर ओळीने काढायच्या आणि शाळेचे पीटीचे कॅनव्हासचे बूट घालून आत जायचं. बाहेर आला की आपल्या चपला घालायच्या. ओळीत चपला उरल्या, म्हणजे माणूस आत उरला. बूट सगळे एकाच मापाचे होते, आणि ते माप आठवीच्या मुलांचं होतं. पण कल्पना पाहा! मी ती उषाला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "हो, भल्लं डोकं चालून राहिलं. नव्या चपला नका नेजा मात्र, परवाच घेतल्या." मी नव्याच नेल्या. व्याह्यांसमोर जुन्या घालून जायचं म्हणजे काय!

शनिवार उजाडला. रवींद्र सकाळच्याच बसने आला. गुणवंतराव मॅटाडोरने जामसांवलीला दर्शन करून मागून येणार होते, आणि परतताना घरून उषा नि वंदना त्यांच्याबरोबर डबे घेऊन टेकडीवर येणार होत्या. मी, रवींद्र आणि "मी नुसता तोंडापर्यंत येतो" म्हणणारे रघुनाथराव असे चपला काढून आत गेलो. देवीदासला बाहेर बसवला आणि बजावलं, "या चपलांवरून नजर हलवायची नाही." तो "हो जी" म्हणाला. आम्ही पहिल्या वळणाआड जाताच तो शेजारच्या वावरात हरभऱ्याचे घाटे खायला गेला.

आत सगळं इतकं छान झालं, की मलाच आश्चर्य वाटलं. रवींद्रने बाण पाहिले, लुगडं पाहिलं आणि म्हणाला, "सर, डावी वाट बंद केलीत हे फार चांगलं केलं. ते छत कधी खाली येईल सांगता येत नाही." माझी छाती फुगली. रघुनाथराव खिशातला कांदा चाचपत म्हणाले, "होय ना, गॅस बिलकुल नाही." आम्ही उजवीकडचा सगळा फाटा पाहून, नकाशा काढून, हसत बाहेर आलो.

रवींद्रने आपल्या चपला घातल्या. रघुनाथरावांनी घातल्या. मी घातल्या. आणि मारुतीसमोर एक जोड तसाच उरला.

देवीदास घाटे चावत आला. त्याच्या चपला त्याच्या पायात होत्या.

"हा जोड कोणाचा रे?"

"मले काय मालूम, सर? मी तं हलून नाही राहिलो इथून." त्याच्या मिशीला हरभऱ्याची सालं लागली होती.

रवींद्रचा चेहरा एकदम बदलला. तो आमचा पोहे खाणारा पाहुणा राहिला नाही. "सर, म्हणजे आपल्या मागून कोणीतरी आत गेलं."

"पण आपल्याला दिसला नाही."

"मग तो डावीकडे गेला."

 मी तोंडाशी जाऊन ओरडलो, "आत कोण आहे?" आतून आवाज आला, "आहे... आहे..." मी भूगोल शिकवतो, प्रतिध्वनी विज्ञानाच्या मास्तरांकडे आहे. पण तोवर रस्त्यावरचे चार लोक जमले होते आणि त्यांनी ऐकलं. "आहे म्हणते!" एक जण ओरडला. झालं! ही बातमी मोहगावच्या रस्त्याने दोन्हीकडे पसरली. घटकाभरात टेकडीवर जत्रा. एक चिवडेवालाही आला. मागोमाग चौकीचा हवालदार आला आणि त्याने काठीने चपला उलट्या केल्या. "ये चप्पल किसकी है?"

कोणाच्याच नव्हत्या. मग जमलेल्यांनी चपलांवरून माणूस ओळखायला सुरुवात केली. रघुनाथराव पुढे. "टाच पाहा, एका बाजूने झिजली. माणूस जाडा आहे आणि फेंगडा चालते. अंगठ्याले टाका घातला, म्हणजे चिक्कू आहे. बायको विचारत नसन. गरीब बिचारा, कंटाळून आत गेला असन."

तेवढ्यात लीलाबाई नावाची एक बाई गर्दीतून पुढे येऊन रडायला लागली. तिचा नवरा कवडू सकाळपासून घरी नव्हता. "अवं माय, माहा कवडू गेला वं!" शेजारचा एक माणूस तिला म्हणाला, "उगी राय, सापडन." तिने वर पाहिलं तर तो कवडूच होता. तो बराच वेळ तिच्याशेजारी उभा राहून तमाशा पाहत होता. मग ती वेगळ्या कारणाने ओरडायला लागली.

याच वेळी मॅटाडोर आला. गुणवंतराव उतरले, मागून डबे घेऊन उषा आणि वंदना. गुणवंतरावांच्या पायात कोऱ्या चपला होत्या, पाऊल टाकलं की कर्रकर्र वाजत होत्या. मी धावत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ओळीतल्या त्या जोडाकडे पाहिलं आणि त्यांना असा खोकला आला, की रघुनाथरावांनी त्यांना पाणी आणून दिलं.

"एखादा वेडा असेल," गुणवंतराव म्हणाले. "टाकून गेला असेल. जाऊ द्या ना!"

"टाकून कोन जाईल जी?" रघुनाथराव म्हणाले. "एवढा चिक्कू माणूस? टाका घालून वापरून राहिला तो!"

गुणवंतराव पुन्हा खोकले.

रवींद्रने गॅसबत्ती उचलली. "बाबा, मी डावीकडे पाहून येतो."

"तू नको जाऊ, रवी! दुसऱ्या कोणाले पाठव."

"दुसरं कोण आहे? खाणीत माणूस असला तर बाहेर बसून राहता येत नाही, बाबा. आमच्याकडे तशी रीतच नाही."

त्याने बूट चढवले. वंदना माझ्याजवळ आली. तिने माझी बाही धरली, लहानपणी धरायची तशी, आणि हळूच म्हणाली, "दादा, त्यांना एकट्याला जाऊ देऊ नको."  आता तुम्हीच सांगा, मी काय करणार? डावा फाटा मी स्वतः बंद केला होता, कारण मला त्याची भीती वाटत होती. पण मी नव्या चपला काढल्या, ओळीत नीट ठेवल्या आणि आठवीचे बूट घातले.

दुसऱ्या वळणावर रवींद्रने उषाचं लुगडं सोडलं, दोराचं एक टोक कमरेला बांधलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. "सर, तुम्ही इथेच थांबा. एकदा ओढला तर थांबा. दोनदा ओढला तर दोर सोडा. तीनदा ओढला तर काम झालं, बाहेर पडा." आणि तो बत्ती घेऊन आत सरपटत गेला. मी अंधारात. वटवाघळं माझ्या डोक्यावरून माझी चौकशी करून जात होती. पायाखाली चिखल होता, त्यात एक बूट रुतला तो वर येईना. मी मनात मारुतीस्तोत्र म्हणत होतो आणि त्यात दोराचे नियम मिसळत होते.

मग वरून खडे कोसळल्याचा आवाज झाला. धडधडधड!  "रवींद्रराव!" मी ओरडलो. उत्तर नाही. आणि अचानक मागून, खाणीच्या तोंडाकडून, एक भयंकर आवाज घुमत आला, "माझ्या आहेत रे... माझ्या... माझ्याच..."

मी तिथेच चिखलात बसलो. मला वाटलं, हरवलेला माणूस वारला आणि आता चपला मागतोय.

त्यानंतर दोर हलला. एकदा? दोनदा? की तीनदा? ते हिसके होते, की थरथरत होता तो माझा हात होता? आणि समजा तीनदा असला, तरी तीनदा म्हणजे बाहेर पडा, की थांबा? अशा वेळी सुशिक्षित माणूस घाई करत नाही. 'हलू नका' या अर्थाचं काहीतरी तो म्हणाला होता एवढं पक्कं आठवत होतं. मी हललो नाही. "मी इथेच आहे" असं मी ओरडत राहिलो आणि मला मीच उत्तर देत राहिलो.

त्या वेळात बाहेर काय झालं ते मी पाहिलेलं नाही. ते मला नंतर रघुनाथरावांनी सांगितलं, आणि ते पोस्टमास्तर असल्यामुळे मजकुरात काही गाळलं नसावं.

खडे कोसळल्याचा आवाज बाहेर आला तेव्हा गुणवंतराव पांढरेफटक पडले. ते धावत तोंडाशी गेले आणि छाती फुटेल असे ओरडले, "रवी! बाहेर ये! आत कोणी नाही रे! त्या चपला माझ्या आहेत, माझ्याच!"



मग ते तिथेच बसले आणि सांगायला लागले. महाराजांनी उपाय दिला होता: शनिवारी मारुतीपाशी पायातल्या जुन्या चपला सोडून यायच्या, म्हणजे साडेसाती त्यांच्याबरोबर उतरते. पण मागे वळून पाहायचं नाही आणि त्या आपल्या आहेत असं कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की शनी परत. "जामसांवलीले कितीदा सोडल्या! दरवेळी कोनी ना कोनी धावत येते, काका तुमच्या चपला राहिल्या! आपल्याकडचे लोक इमानदार आहेत, काय करता! आज सकाळी इथून जाता जाता पाहिलं, मारुतीचा फोटो, पुढं चपलांची रांग, आणि चिटपाखरू नाही. म्हटलं देवानंच जागा दाखवली. सोडल्या, नव्या घातल्या, आणि वळून नाही पाहिलं." त्यांनी डोळे पुसले. "आता तोंडाने सांगितलं. गेला उपाय. पण पोरगा आत असताना काय शनीले धरून बसू?"

तेवढ्यात टेकडीच्या वरच्या अंगाने झुडपातून रवींद्र उतरत आला, सगळा धुळीने माखलेला. डाव्या फाट्याच्या टोकाला जुन्या लोकांनी हवेसाठी ठेवलेलं भोक होतं. मागे खडे कोसळल्यावर दोर तीनदा ओढून, सोडून, तो तिथून वर चढला होता. गुणवंतरावांनी त्याला मिठी मारली आणि मग चारचौघांत एक थोबाडीतही दिली.

हवालदार म्हणाला, "आपकी है तो उठाइए, मामला खतम." पण गुणवंतराव चपलांना हात लावायला तयार नाहीत. हात लावला की साडेसाती कायमची! रवींद्र पुढे झाला तर त्याच्यावर ओरडले, "तू नको शिवू!" दुसरंही कोणी शिवेना. एवढे लोक, आणि त्या जोडाभोवती गोल करून उभे.

तेव्हा आमची वंदना पुढे गेली. जिने पोह्यांवर खोबरं घालण्यापलीकडे आजवर काही बोलून दाखवलं नव्हतं, ती. तिने दोन्ही चपला उचलल्या, पदराने झटकल्या, गुणवंतरावांच्या पायांशी ठेवल्या आणि म्हणाली, "घाला, मामाजी. साडेसाती आहे तर आहे. एकट्याने कशाला वागवता? आपण सगळे मिळून वागवू."

 गुणवंतरावांनी म्हणे त्या कर्रकर्र वाजणाऱ्या कोऱ्या चपला काढून फेकल्या, जुन्या घातल्या आणि रडत रडत गर्जना केली, "सुपारी आणा! इथंच फोडा! मारुतीसमोर! शनीले पाहू द्या!"

सुपारी रघुनाथरावांच्या पानपुड्यातली. दगड खाणीचा. लीलाबाईने आपल्या कपाळावरचं कुंकू बोटाने वंदनाला लावलं, चिवडेवाल्याने चिवडा वाटला. मग रवींद्रने विचारलं, "सर कुठे आहेत?" आणि सगळ्यांनी नियमाप्रमाणे ओळीकडे पाहिलं. ओळीत एकही चप्पल नव्हती.

"गेले वाटते घरी," देवीदास म्हणाला. "पेढे आणायले गेले असन," रघुनाथराव म्हणाले. रवींद्र खाणीतला माणूस, त्याचा टोकनावर विश्वास. तरी त्याने एकदा तोंडाशी जाऊन हाक मारली, तर आतून "आहे... आहे..." आलं, आणि यावेळी सगळे हसले. आता त्याला कोणी फसणार नव्हतं. डबे पुन्हा मॅटाडोरमध्ये चढले आणि माझ्या एकुलत्या एका बहिणीची सोयरीक वाजतगाजत सौंसरला गेली.

मी कंटाळून, माझ्याच चुन्याचे बाण चाचपत बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. टेकडीवर कोणी नव्हतं. फुटलेल्या सुपारीचे तुकडे होते, चिवड्याचे कागद होते आणि 'धोका, अरविंद पेंटर' होता. माझ्या चपला नव्हत्या. एका पायात आठवीचा बूट आणि दुसरा पाय चिखलाचा, असा मी मोहगावच्या रस्त्याने निघालो. वाटेत भेटणारा प्रत्येक जण म्हणत होता, "मास्तर, अभिनंदन!" मला वाटलं, जिवंत सुटलो म्हणून म्हणताहेत.

घराच्या दारात चपलांची रांग लागली होती. रांगेत गुणवंतरावांचा तो टाका घातलेला जोड मानाने पहिला. आणि त्याच्याशेजारी माझा. नवा कोरा, जशाचा तसा.

आत पंगत बसली होती. "या, या, मास्तर!" गुणवंतराव हात उंचावून म्हणाले. "पेढे आणायले केवढा वेळ!" रवींद्रने माझ्या पायांकडे पाहिलं आणि घास तसाच खाली ठेवून ताडकन उभा राहिला. वंदना गरम पाण्याचं घंगाळ घेऊन आली. तिच्या कपाळावर कुंकू होतं. माझे पाय धुताना ती रडत होती आणि हसतही होती, आणि मला एकदम इतकं बरं वाटलं, की शनी, खाण, वटवाघळं, सगळ्यांना मी माफ करून टाकलं. पण भाऊ म्हणा, बाप म्हणा, सुपारी फुटली तेव्हा मी जमिनीखाली दोर धरून बसलो होतो, हे काही गळ्याखाली उतरेना. मी तसाच ओल्या पायांनी स्वयंपाकघरात गेलो.

"माझ्या चपला तिथून कोणी आणल्या?"

"मी," उषा पोळी लाटत म्हणाली. "पिशवीत घातल्या. एवढी गर्दी जमली होती जी! नव्या चपला तशाच उघड्यावर टाकून ठेवू? चोरीला नसत्या गेल्या?"

"अगं, आणि मी? मी आत होतो ना!"

तिने पोळी तव्यावर टाकली, कडेने तेल सोडलं, आणि माझ्याकडे एकदा नखशिखांत पाहिलं.

"तुमाले कोन चोरून नेते?"